गिलाव्याखालची काच

"काढायचा म्हणजे काढायचा, मामा. मी विचारत नाहीये, सांगतेय."

"मग भिंतीला सांग. तिनं ऐकलं तर मीही ऐकतो."

"भिंतीनं कधीच सांगितलंय. आत जा आणि आईच्या खाटेमागे हात लावून बघ. पुसायला फडकं लागेल."

"मला ओल शिकवू नकोस. तू रांगत होतीस तेव्हापासून मी लोकांच्या भिंतींची ओल बघतोय."

"लोकांच्या, हो. लोकांच्याच."

घराच्या बाजूला एक अरुंद बोळ होता. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरून उभं राहावं लागे, एवढाच. त्या बोळात मामा आणि भाची सकाळपासून भांडत होती, आणि दोघांच्या मधे, न बोलता, ती भिंत उभी होती. दीड हात जाडीची दगडी भिंत. पण तिचा दगड अडतीस वर्षांत कुणाच्या नजरेला पडला नव्हता. वरपासून जोत्यापर्यंत सिमेंटचा गिलावा, आणि गिलाव्यावर दर दोन वर्षांनी चढत गेलेला रंग. गिलावा मामानं केला होता. वयाच्या चोविसाव्या वर्षी, एकट्यानं, परांची बांधण्यापासून ते गिलावा घोटायचा रंधा फिरवण्यापर्यंत.

गल्लीत त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून वरून सोडतात, तो ओळंबा. मामाला दोरी लागायची नाही. एक डोळा मिटायचा, मान जराशी कलती करायची, आणि सांगून मोकळा व्हायचा, "वरती अर्धं बोट बाहेर आलीय." मग दोरी सोडून बघितली तर अर्धंच बोट. कुणाच्या घरी गेला की भिंतीवरची तसबीर सरळ केल्याशिवाय खुर्चीत टेकायचा नाही. एकदा कंबर धरली म्हणून डॉक्टरकडे गेला आणि त्यांच्या दवाखान्याचं अडकणारं दार नीट करून परत आला. कंबर तशीच.

बासष्ट वर्षांचा झाला होता. लग्न केलं नव्हतं. मेव्हण्यांनी, म्हणजे भाचीच्या वडिलांनी, घर घेतलं तेव्हा ते म्हणाले होते, "गिलावा तू कर, मागची खोली तुझी." मेव्हणे जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती. सिमेंटनं बोटांची टोकं खाऊन गुळगुळीत केली होती. एका ऑफिसात यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला, तर यंत्रानं तीनदा नाकारला. "बघा साहेब," तो कारकुनाला म्हणाला, "उद्या मी काही गुन्हा केला तर तुम्हाला ठसाच मिळायचा नाही." कारकून हसला. मामाही हसला, पण जरा उशिरा.

"त्या पेन्शनर मास्तरांच्या घराचा गिलावा कुणी काढायला लावला?" भाचीनं विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची. भांडतानाही तिचं असंच, एकेक पायरी मांडत जायची. "तूच ना? तूच त्यांना सांगितलंस की दगडी भिंतीत पाणी शिरतं, चुना असला तर ते परत बाहेर पडतं, सिमेंट असलं तर कोंडतं. बाहेरून वाट नाही म्हटल्यावर ते आत येतं. हे तुझंच वाक्य आहे."

"त्यांची भिंत वेगळी."

"कशी वेगळी?"

"वेगळी."

"हे उत्तर माझ्या पोरांनी दिलं असतं तर मी शून्य दिलं असतं."

"दे मग शून्य. आणि तुला हवंय काय, तेही मला ठाऊक आहे. ओलीचं निमित्त. तुला उघडा दगड हवाय. मासिकात असतो तसा."

"हवाय. त्यात काय चुकलं? इतका सुरेख काळा दगड आणि तुम्ही त्याला राखाडी गोधडी पांघरून ठेवलीय."

"सुरेख? पाहिलायस कधी? घडवलेला दगड नाही तो. हाताला येईल तसा रचलेला गोटा आहे. पहिल्यापासून त्याच्या अंगावर चुना होता, उघडा राहायसाठी तो बांधलेलाच नाही. अंगरखा काढशील तर आत बरगड्या दिसतील."

खिडकीतून खोकल्याचा आवाज आला. कोरडा, मग ओला, मग बराच वेळ थांबेना. दोघंही गप्प झाली. खोकला संपला तशी आतून ताई म्हणाली, "चालू द्या. मी ऐकतेय. मधे थांबलात की मला वाटतं माझ्यावरच काहीतरी ठरवताय."

ती मामाची थोरली बहीण, भाचीची आई. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, एक तर ही खोली कोरडी करा, नाहीतर बाईंना इथून हलवा. भाचीनं आपल्या फ्लॅटमधली खोली रिकामी करून ठेवली होती. ताई म्हणाली होती, "मला हलवायचं असेल तर खाटेसकट उचला, आणि चौघं आणा."

मामाला बहिणीचा खोकला ऐकवत नव्हता. तरीही तो गिलावा काढू देत नव्हता. याचं कारण त्यानं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

रोज सकाळी चहाच्या आधी मामा बोळात जाई. कोपऱ्याजवळ, कमरेच्या उंचीवर एक जागा होती. तिथे बोटाचं पेर वाजवी. टक. कान लावी. परत एकदा, टक. घरात याची थट्टा चाले. "भिंतीला उठवायला गेलाय," ताई म्हणे. त्या जागेच्या आतल्या बाजूला तिचीच उशी असे. जाग आलेली असली तर ती आतून दोनदा वाजवून उत्तर देई. उठलेय, चहा टाक. अडतीस वर्षं हे चाललं होतं. गिलावा भरीव वाजे, आणि मामाचा दिवस सुरू होई.

चार महिन्यांपूर्वी आवाज बदलला. टक वाजायचं ते बद्द वाजलं, चीर गेलेल्या माठासारखं. मामानं पुन्हा वाजवलं. बद्द. आतून ताईनं दोनदा उत्तर दिलं. त्या दिवशी त्यानं चहात साखरच घातली नाही. तेव्हापासून तो दिवसातून तीन-तीनदा जात होता.

"आज त्या बाई येतायत," भाची म्हणाली. "पाथरवटबाई. सगळी भिंत काढायची नाही आज. फक्त एक चौकोन, हातभर बाय हातभर. आत काय आहे ते बघू आणि मग ठरवू. एवढं तरी मान."

"बोलावलंस पण?"

"बोलावलं."

मामानं मान कलती करून तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघतो तसं. "बरं. पण चौकोन कुठे पाडायचा ते मी सांगणार."

"सांग."

"पुढच्या दाराशी."

"पुढच्या दाराशी कोरडं आहे, मामा. दुखतंय पोट आणि तू डॉक्टरला दात दाखवतोयस."

पाथरवटबाई दहाच्या सुमाराला आल्या. पस्तिशीच्या, काटक, मनगटाला कापडी पट्टी गुंडाळलेल्या. वडिलांबरोबर दगड घडवता घडवता शिकलेल्या आणि आता जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, भिंतीला आपादमस्तक न्याहाळलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते मामाला खूश करणारं.

"हात कुणाचा आहे हा? धार बघा कोपऱ्याची. आता असं कुणी करत नाही."

"माझा," मामा म्हणाला.

"मग काका, तुम्हाला सांगायला नको. चांगल्या हाताचं सिमेंट जास्त वाईट. कुठेही सुटत नाही, सगळं पाणी धरून ठेवतं."

भाचीनं तोंडावर हात ठेवला.

पाथरवटबाईंनी हातोडीचा लाकडी दांडा काढला आणि दारापासून भिंत वाजवत निघाल्या. टक, टक, टक. पुढे सरकल्या. टक, टक. मामा त्यांच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून चालत होता. खिडकी ओलांडली. टक. खिडकीच्या खाली जरासं बद्द. पुढे अजून बद्द. मामानं तळवे पँटला पुसले. कोपरा चार हातांवर राहिला. तीन. त्या वाकल्या आणि थांबल्या.

"इथे काय करता तुम्ही लोक?"

"कुठे?" भाची पुढे झाली.

त्यांनी बोट ठेवलं. कमरेच्या उंचीवर नाण्याएवढा एक डाग होता. तेलकट, काळपट, आणि मधोमध किंचित खोलगट. रंगाचे सगळे थर झिजून तिथे आतलं सिमेंट उघडं पडलं होतं.

"मामा वाजवतो तिथे," भाची म्हणाली. "रोज. सवयच आहे त्याची."

"सवय असती तर आज इथे, उद्या तिथे वाजवलं असतं." पाथरवटबाईंनी मामाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, पण बोळ आणखी अरुंद झाला. "काका, इथे खाली काय आहे?"

"भिंत आहे."

"भिंतीत काय आहे?"

मामानं खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी होती, आणि आतून खोकलाही येत नव्हता. म्हणजे ताई ऐकत होती.

"भेग," तो म्हणाला.

भाचीनं काही विचारायच्या आत तो भडाभडा बोलू लागला. भिंतीकडे तोंड करून, जणू हिशेब तिलाच द्यायचा होता. जुना चुना खरवडला तेव्हा कोपऱ्यापाशी उभी भेग निघाली होती. वरपासून खालपर्यंत, करंगळी जाईल एवढी. त्याचे उस्ताद येऊन बघून गेले. म्हणाले, भेग जुनी आहे की अजून चालतेय ते आधी कळलं पाहिजे. काच लाव. भेगेच्या दोन्ही काठांवर चिमूट चिमूट सिमेंट थापायचं आणि त्यावर काचेची पट्टी आडवी बसवायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तुटते. वर्षभर ठेव, उन्हाळा-पावसाळा जाऊ दे. वर्षभर काच शाबूत राहिली तर काढून घे, भेग भर, आणि खुशाल गिलावा कर. तुटली तर मला बोलाव, दोन्ही बाजू आडव्या दगडांनी शिवून घ्याव्या लागतील.

"आणि?" भाची म्हणाली.

"फुटलेल्या तावदानाची वीतभर पट्टी कापून लावली."

"आणि वर्षभर ठेवलीस?"

"सोळा दिवस."

"सोळा?"

"तुझे वडील रोज विचारायचे, झालं का. भाड्याच्या खोलीची मुदत संपली होती. ताईला नववा लागला होता. तू कुठल्याही दिवशी येणार होतीस. बाळंतीण काय परांचीवर ठेवायची?" तो श्वास घ्यायला थांबला. "काच शाबूत होती. सोळाव्या दिवशी सकाळी मी स्वतः पाहिली, शाबूत होती. म्हणून गिलावा केला."

भाचीच्या चेहऱ्यावरचं सगळं गणित पुसलं गेलं. "भिंत पडायला आलीय आणि आई तिच्याखाली झोपते. अडतीस वर्षं. आणि तू टकटक करत बसलास."

"पडायला आलीय असं नाही. आवाज भरीव होता. आत्ता चार महिन्यांपासूनच..."

"चार महिने?"

त्यानं त्या झिजलेल्या डागावर अंगठा ठेवला.

"चार महिने तुला माहीत आहे आणि सकाळपासून तू मला दगड सुंदर की कुरूप ते सांगतोयस?"

"एक मिनिट," पाथरवटबाई मधे पडल्या. "काका, काच शाबूत होती म्हणता. मग काढून का नाही घेतली? गिलाव्याच्या आत काच कुणी ठेवत नाही. तिथला माल नीट चिकटत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

प्रश्न साधा होता. एक गवंडी दुसऱ्याला विचारेल असा. मामानं ओठ ओले केले.

"घाई होती."

त्यांनी मान डोलावली, पण हातोडी खाली ठेवली नाही. "चौकोन इथेच पाडू."

"मी पाडतो," मामा म्हणाला.

"काका, राहू द्या, मी करते."

"गिलावा माझा आहे."

त्यांनी छन्नी-हातोडी त्याच्या हातात दिली. भाचीनं आत जाऊन ताईला उठवून पुढच्या खोलीत आणायचं म्हटलं, तर ताई स्वतःच काठी टेकत बोळाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. अंगावर शाल, पायात घरातल्याच चपला. "मी माझ्या पायांनी आलेय. आत भिंतीखाली मरण्यापेक्षा बाहेर बघत मरेन." कुणीही हसलं नाही म्हणून ती परत म्हणाली, "गंमत केली."

मामानं छन्नी तिरपी धरली. ठोका. सिमेंटचा टवका उडाला. ठोका. चौकोनाच्या चारी कडा त्यानं पट्टी न लावता पाडल्या, आणि त्या काटकोनात आल्या. हाताला काम मिळालं की डोकं मोकळं होतं, हे त्याला आयुष्यभर आवडलेलं. आज तेच नको होतं. मोकळ्या डोक्यात ती संध्याकाळ येऊन बसली.

सकाळी काच शाबूत होती, हे खरं. पण त्या दिवशी त्यानं वरून काम धरलं, आणि माल कोपऱ्याशी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. दिवसभर परांचीचे बांबू त्याच भिंतीला टेकून हलत होते. वरच्या कोपऱ्यातला एक सुटा गोटा त्यानं ठोकून बसवला होता. घमेल्यात शेवटचा माल उरला होता, आणि तो घट्ट व्हायला लागला होता. आता खाली वाकायचं, काच बघायची, काढून घ्यायची, एवढंच राहिलं होतं. काढायला वाकलं असतं तर बघावं लागलं असतं. तो वाकला नाही. थापी भरली, डोळे वरच्या कडेवर ठेवले आणि हात फिरवला. थापीखाली काहीतरी किरकिरलं. वाळूतला खडा, तो स्वतःशी म्हणाला. दुसऱ्या थापीला किरकिरलं नाही.

ठोका. गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा आपोआप सुटला आणि पायाशी पडला. मागे दगड दिसला. काळा, ओला, पाझर फुटल्यासारखा चकाकणारा. दोन दगडांच्या मधून उभी भेग वर गेलेली. आणि भेगेवर आडवी, अजूनही दोन्ही बाजूंनी चिकटलेली, वीतभर काच.

ती मधोमध तुटलेली होती.

भाचीनं आईचा दंड धरला. "आई, मागे हो. आत्ताच्या आत्ता. बाई, काय करायचं? कुणाला बोलवायचं?"

"थांबा." पाथरवटबाई गुडघ्यावर बसल्या. मनगटाच्या पट्टीनं काच पुसली, खिशातून छोटं भिंग काढलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. बोळात फक्त ताईचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा.

"बोला ना," भाची म्हणाली.

"भिंत पडत नाहीये."

"कशावरून?"

"या, बघा. दोन तुकड्यांमधली फट दिसते? तिच्यात सिमेंट गेलंय. पातळ होऊन आत शिरलंय आणि तिथेच वाळलंय. त्या सिमेंटला एक चीरसुद्धा नाही. भिंत त्यानंतर हलली असती तर ते तडकलं असतं. म्हणजे अडतीस वर्षं ही भिंत जागच्या जागी आहे." त्या उठल्या आणि गुडघे झटकले. "तुम्ही ऐकला तो बद्द आवाज गिलाव्याचा, काका. ओलीनं गिलावा दगडापासून सुटलाय. भिंत सुटलेली नाही."

भाचीनं आईचा दंड सोडला. "मग काय करायचं आता?"

"सिमेंट सगळं काढायचं, त्यात वाद नाही. भेग आडव्या दगडांनी शिवून घ्यायची, भिंत सुकू द्यायची. आणि परत चुन्याचा गिलावा. उघडा ठेवू नका. याबाबतीत काकांचं बरोबर आहे, हा दगड उघडा राहायचा नाही."

"म्हणजे अर्धे मार्क मामाला, अर्धे मला." भाचीला हसू फुटलं, डोळ्यांतून पाणीही. "काय रे मामा, अडतीस वर्षं उगीच घाबरलास. भिंत जागची हललीसुद्धा नाही. आधी बोलला असतास तर?"

मामाच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत होतं. त्यानं छन्नी खाली ठेवली. हसायचा प्रयत्न केला, आणि तो जमत आला होता.

ताई हसली नव्हती. ती काठी टेकत पुढे आली. बोळात भाचीनं अंग चोरलं, पाथरवटबाईंनी अंग चोरलं. ताई त्या चौकोनापाशी वाकली. सहासष्ट वर्षांची बाई, छातीत ओल भरलेली, पण ती वाकली. काचेच्या फटीतल्या राखाडी रेषेवर तिनं बोट फिरवलं.

"फटीत सिमेंट आहे," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"म्हणजे आधी काच तुटली. मग सिमेंट आलं."

पाथरवटबाईंनी मामाकडे पाहिलं.

भाचीचं हसू अर्ध्यावर राहिलं. तीही त्या रेषेकडे बघू लागली, फळ्यावरची एक पायरी गाळली गेली आहे हे उशिरा लक्षात यावं तशी.

"गिलावा झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी या खोलीत झोपायला आले," ताई म्हणाली. "त्याच आठवड्यात हिला घेऊन. इथेच, या भिंतीला उशी लावून. तूच खाट लावून दिलीस." तिचा आवाज चढला नव्हता. लहानपणी पाटी फुटली की ती त्याला असंच विचारायची. "मला भिंतीचं काही विचारायचं नाही. भिंत उभी आहे. गिलावाही काढा, उद्याच काढा. मला एकच सांग. थापी मारलीस तेव्हा ती तुटलेली होती. तू पाहिलं होतंस का रे?"

हो म्हणावं तर त्यानं पाहिलं नव्हतं. नाही म्हणावं तर का नाही पाहिलं, ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

मामानं पँटला हात पुसले. हातोडी उचलून पाथरवटबाईंच्या पिशवीवर ठेवली, दांडा त्यांच्या बाजूला करून. मग बहिणीच्या शेजारून अंग चोरून पुढे झाला, तिच्या शालीला धक्का लागू न देता.

"मामा," भाची म्हणाली.

मागे ताईनं भिंतीवर बोटाचं पेर दोनदा वाजवलं. आता तिथे नुसता दगड होता, आवाज जवळजवळ आलाच नाही. मामा बोळाच्या तोंडाशी पोचला होता. तो वळला आणि रस्त्याला लागला.